एकाच जंगलात किती वेळा जायचं?

रानभूल

गेल्या महिन्यात ताडोब्याला जाऊन आले. सातव्यांदा. बॅग उपसत होते तेवढ्यात बहिणीचा फोन, "परत तिथेच? अगं, जग केवढं पडलंय!" तिला काय सांगावं ते सुचेना, म्हणून इथे धागा काढतेय.

पहिल्यांदा गेले तेव्हा गेटातून आत शिरल्यावर वीसेक मिनिटांतच वाघीण दिसली. समोरून चालत आली, जिप्सीच्या पुढ्यातून गेली आणि बांबूत शिरली. त्या फेरीतलं मला दुसरं काही म्हणजे काही आठवत नाही. उरलेला सगळा वेळ मी बहुतेक तिचाच विचार करत होते. दुसऱ्या खेपेला वाघ दिसला नाही. मी चिडले, गाईडवर उगीच फणकारले. त्याची लाज अजून वाटते.

तिसऱ्या खेपेपासून गंमत सुरू झाली. तिथे एका वळणावर कडायाचं झाड आहे, गाईड त्याला भुताचं झाड म्हणतात. मे महिन्यात अंगावर पान नाही, पांढरंफटक खोड, आणि दिवस कलताना खरंच अंगावर येतं ते. नोव्हेंबरात त्याच रस्त्याने गेले तर झाड सापडेना. मला वाटलं रस्ता चुकला. झाड जागेवरच होतं, पण आजूबाजूच्या बांबूने आणि सागाच्या ताटाएवढ्या पानांनी ते गिळून टाकलं होतं. उन्हाळ्यात वाघ "हमखास" का दिसतो ते मला त्या झाडाने शिकवलं. मे महिन्यात नाले आटतात, सगळं जनावर चार पाणवठ्यांवर येतं आणि मधला पडदा गळून गेलेला असतो. नोव्हेंबरात प्रत्येक खड्ड्यात पाणी, गवत खांद्याइतकं. वाघ तेवढेच असतात, आपण आंधळे झालेलो असतो.

तर प्रश्न असा: तुम्ही एकाच जंगलात पुन्हा पुन्हा जाता, की दरवेळी नवं शोधता? आणि का?

---

भटका_खेकडा

मी उघड उघड दुसऱ्या पार्टीचा. आपल्या देशात शंभरावर राष्ट्रीय उद्यानं आहेत. दर वर्षी एक म्हटलं तरी आयुष्य पुरणार नाही, आणि तुम्ही सातव्यांदा ताडोबा करताय! (हलकेच घ्या.)

एक उदाहरण देतो. मणिपूरमधलं कैबुल लामजाओ. लोकटाक सरोवराच्या एका कडेला आहे, जेमतेम ४० चौरस किलोमीटर, आणि ते तरंगतं. गवत, मुळं, कुजका पालापाचोळा यांचा जाड थर पाण्यावर तरंगत असतो, त्याला तिथे फुमदी म्हणतात. त्या तरंगत्या जमिनीवर संगाई हरीण राहतं. रानटी संगाई जगात दुसरीकडे कुठेच नाही. हे हरीण नामशेष झालं असं १९५१ मध्ये समजलं जात होतं, मग ते पुन्हा सापडलं. १९७५ साली हवाई पाहणी केली तेव्हा फक्त १४ मोजली गेली. २०१६ च्या गणनेत २६०.

खरी भानगड पुढे आहे. पूर्वी कोरड्या दिवसांत सरोवराचं पाणी उतरलं की फुमदी खाली तळाला टेकायची. मुळं चिखलातून पोषण ओढून घ्यायची आणि पावसाळ्यात सगळं पुन्हा वर. १९८३ साली इथाईचा बंधारा झाला आणि पाण्याची पातळी बारमाही चढी राहू लागली. आता फुमदीला तळ लागत नाही. तिचा थर पातळ होत चाललाय, जागोजागी हरणाचं वजन पेलत नाही. पायाखालची जमीन उपाशी राहते म्हणजे काय, हे मला सातदा काय, सत्तर वेळा ताडोब्याला जाऊनही कळलं नसतं. म्हणून नवं.

---

पिंगळा

वाखूसा (वाचनखूण साठवली). भारी धागा.

माझा प्रश्न या दोन्ही पार्ट्यांच्या आधीचा आहे. मी अजून एकाही जंगलात गेलेले नाही. पहिल्यांदा जाताना काय बघावं? (वाघ सोडून, हे समजलं.)

---

कोतवाल

वाघ सोडून वगैरे काही नाही हो. वाघ बघायचाच असतो, सगळ्यांना. "मला वाघाचं काही नाही" म्हणणारी मंडळी कॉल (जनावरांची धोक्याची हाक) आला की सगळ्यात आधी सीटवर उभी राहतात, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. मीही त्यातलाच.

---

ऐनाची_साल

@पिंगळा, तुमच्या नावाच्या भाऊबंदाची गोष्ट सांगतो, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तीत येईल.

रानपिंगळा नावाचं एक छोटं घुबड आहे. १८८४ नंतर ते कुणालाच दिसलं नाही. संग्रहालयांत पेंढा भरलेले मूठभर नमुने तेवढे होते. त्यातल्या एकावर लेबल होतं १९१४ सालचं, गुजरातमधलं, रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या नावाचं. लोक त्या लेबलावर विसंबून भलतीकडे शोधत राहिले. पुढे पामेला रॅसमुसेन या अमेरिकी पक्षीतज्ज्ञ बाईंनी त्या गृहस्थांचा संग्रह तपासला तेव्हा उघड झालं, की त्यांनी जुने नमुने संग्रहालयांतून चोरून, नव्याने शिवून, खोटी लेबलं लावली होती. बाईंनी ते लेबल बाजूला ठेवलं आणि जुन्या खऱ्या नमुन्यांच्या जागा धरून शोध घेतला. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या, म्हणजे तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या, सातपुड्याच्या रानात पक्षी समोर बसलेला सापडला. ११३ वर्षांनी! आणि हे घुबड दिवसाढवळ्या हिंडतं, उन्हात फांदीवर बसतं. नंतर ते मेळघाटातही सापडलं.

मेळघाट हे माझं ताडोबा. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांतलं एक. वाघ सहजी दिसत नाही, डोंगर आडवे येतात, म्हणून गर्दीही कमी. किती वेळा गेलो ते मोजलेलं नाही. रानपिंगळा मला फक्त दोनदा दिसलाय, तोही ओळखीच्या झाडांवर. ओळखीच्या झाडावर काही वेगळं बसलं की नजर आपसूक अडकते. नव्या जंगलात सगळंच वेगळं असतं, मग काय वेगळं आहे ते कसं ओळखणार?

पिंगळाबाई, पहिल्या खेपेला एकच करा. गाडीत बसल्या बसल्या गाईडला "वाघ दाखवा" म्हणू नका, "आज सावकाश जाऊ, घाई नाही" म्हणा. त्याचा चेहरा बघा कसा बदलतो. दिवसभर ओरडा खाऊन ती मंडळी कंटाळलेली असतात. मग तो तुम्हाला ऐनाची साल दाखवेल, मगरीच्या पाठीसारखी. उन्हाळ्यात या झाडाच्या खोडात पाणी साठलेलं असतं. अस्वलाने फोडलेलं वारूळ दाखवेल, मोहाखालची विष्ठा दाखवेल, नखांनी ओरबाडलेला बुंधा दाखवेल. आणि शक्य असेल तर लागोपाठच्या दोन फेऱ्या एकाच गेटातून घ्या. पहिलीत बघायचं, दुसरीत काय बदललं ते शोधायचं.

---

सातभाई

मी आणि मुलं, आमचा गोंगाटी थवा! थोरली अकरा वर्षांची, धाकटा सहाचा. त्याला तीन तास गाडीत गप्प बसवणं म्हणजे शिक्षा आहे, त्याला आणि वाघालाही. चालत फिरता येईल असं जंगल नाही का? की मुलं मोठी होईपर्यंत थांबावं?

---

दूरदेशी

सातभाई, मुळीच थांबू नका. पायी फिरायच्या जागा भरपूर आहेत, त्याबद्दल बाकीचे सांगतीलच. मी मूळ प्रश्नावर येतो.

बाहेरची जंगलं बघितली की जंगल बघायची आपली पद्धत ही एकमेव पद्धत नाही हे लक्षात येतं. दक्षिण आफ्रिकेतलं क्रुगर घ्या. सुमारे २० हजार चौरस किलोमीटर पसारा. (ताडोब्याचा गाभा, म्हणजे आतला राखीव भाग, ६२५.) तिथे तुम्ही आपली साधी मोटार घेऊन स्वतः चालवत फिरता. डांबरी रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर, कच्च्यावर ४०, ठरलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही, आणि गेट बंद व्हायच्या आत कुंपणातल्या मुक्कामी परतायचं. बास. बाकी कुठे थांबायचं, किती थांबायचं हे तुमचं तुम्ही ठरवायचं. पहिल्या दिवशी मी हावरटासारखा दीडशे किलोमीटर हिंडलो आणि इंपाला हरणं सोडून फारसं काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी कंटाळून एका पाणवठ्यावर इंजिन बंद करून बसलो. तीन तास. आधी रानडुकरं आली, मग झेब्रे आले पण पाण्याला तोंड लावेनात, नुसतेच बिचकून उभे. जिराफ आला. त्याला पाणी प्यायला पुढचे पाय फाकवून वाकावं लागतं, त्या अवस्थेत तो अगदी असहाय असतो, म्हणून तो दहा दहा मिनिटं नुसता आजूबाजूला बघत राहतो. गाईड असता तर एवढा वेळ थांबलो असतो का? नसतो. "इथे काही नाही, पुढे चला" झालं असतं.

दुसरं, पोलंड-बेलारूसच्या सीमेवरचं बियालोविएझा. युरोपच्या सपाट मुलखात पूर्वी जसं जंगल होतं त्याचा उरलेला तुकडा. आतल्या राखीव भागात वाटाड्याशिवाय जाता येत नाही, आणि पायीच जायचं. तिथे पडलेलं झाड कुणी उचलत नाही. शेकडो वर्षं जगलेला ओक आडवा झालाय, त्यावर शेवाळ, त्यावर बुरशी, बुरशीवर किडे आणि मधेच रुजलेलं नवं रोप. आपल्याकडे नजरेला सवय झालेली असते झाडून घेतलेल्या बागेची, त्यामुळे पहिला तासभर मला ते जंगल "अस्वच्छ" वाटत होतं. इथला रानटी गवा (युरोपातला बायसन) १९१९ मध्ये मारून संपवला होता. मग प्राणिसंग्रहालयांत उरलेल्या जनावरांपासून पैदास करून १९५२ पासून पुन्हा मोकळा सोडला. मला तो दिसला नाही. नुसतं शेण दिसलं, ताजं.

तर माझं मत खेकड्याच्या बाजूला. दुसऱ्या जंगलात जाऊन आल्यावर आपलं जंगल जास्त दिसतं.

---

भटका_खेकडा

दूरदेशी, धन्यवाद! बहुमत जमतंय.

---

रानभूल

दूरदेशी, तुमचा पाणवठ्यावरचा तीन तासांचा किस्सा तर माझ्याच बाजूचा आहे हो! खेकडेबुवा, मतं मोजताना हात जरा जपून.

---

कोतवाल

दोन्ही पार्ट्यांना विचारतो. तुम्ही जाता, फोटो टाकता, जागेचा अचूक पत्ता देता. पुढे त्या जागेचं काय होतं?

कॅलिफोर्नियात रेडवुडच्या राष्ट्रीय उद्यानात हायपेरियन नावाचं झाड आहे, जगातलं सगळ्यात उंच जिवंत झाड, साधारण ११६ मीटर. २००६ साली सापडलं. तिथल्या लोकांनी जागा गुप्त ठेवली होती, पण नेटावर फुटलीच. पायवाट नसताना लोक झाडी तुडवत पोचू लागले. बुंध्याभोवतीचे नेचे गेले, माती दाबली गेली, कचरा आणि घाण. रेडवुडची मुळं खोल नसतात, वरवर पसरलेली असतात, त्यामुळे माती दबली की झाडालाच त्रास. शेवटी २०२२ मध्ये तो भाग बंद केला, आत सापडलात तर जबर दंड आणि तुरुंगसुद्धा. विनोद असा, की बुंध्याशी उभं राहून ते उंच आहे हे दिसतही नाही. मान मोडेपर्यंत वर बघितलं तरी शेंडा नजरेत येत नाही.

आपल्याकडे झाडाऐवजी वाघिणी. एका व्याघ्र प्रकल्पात (नाव घेत नाही, भांडण नको) मी स्वतः त्या गर्दीत होतो. वाघीण आणि दोन बच्चे रस्ता ओलांडायला आले, दोन्ही बाजूंनी गाड्या, मोजल्या तर तेवीस. ती बसली. उठली. पुन्हा बसली. एक बच्चा पलीकडे गेला होता, एक अलीकडे राहिला. पंधरा मिनिटं कुणीही गाडी मागे घेतली नाही. आमचीही नाही. माझ्याकडे त्या प्रसंगाचे फोटो आहेत आणि ते चांगले आलेत.

---

सातभाई

:( बच्च्याचं काय झालं?

---

कोतवाल

एका वनरक्षकाने येऊन गाड्या हलवल्या. गेला आईकडे.

---

ऐनाची_साल

कोतवाल, लिहिलंत हे बरं केलंत.

सातभाई, पायी फिरण्याबद्दल. मुंबईत बोरिवलीच्या उद्यानात चालत फिरायच्या वाटा आहेत, सकाळी लवकर जा. सुमारे शंभर चौरस किलोमीटरचं रान, चारी बाजूंनी शहर आणि आत बिबटे, ही गोष्ट सहा वर्षांच्या पोराला ऐकवा, तो आपसूक गप्प होईल. भीमाशंकरला शेकरूची घरटी शोधायला लावा. एक शेकरू अनेक घरटी बांधतं, राहतं त्यातल्या एखाद्यातच. कुठलं वापरातलं आहे हे ओळखण्यात पोरांचा अर्धा दिवस जातो. अकरा वर्षांच्या मुलीला चालायची सवय असेल तर उत्तराखंडात फुलांच्या खोऱ्यात न्या. १ जून ते ३१ ऑक्टोबर एवढंच उघडं असतं, फुलांचा भर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत. मुक्काम खाली घांगरियाला करायचा. खोऱ्यात रात्री राहू देत नाहीत, सकाळी चढून संध्याकाळी उतरायचं. तिथे पाऊस गृहीतच धरा.

---

पिंगळा

कॉल कॉल म्हणतात तो कसा ओळखायचा? सगळेच व्हिडिओ सारखे वाटतात.

---

भटका_खेकडा

सोप्पं आहे. कॉल आला म्हणजे वाघ.

---

ऐनाची_साल

नाही हो. असं सांगून पिंगळाबाईंची दिशाभूल करू नका.

चितळ कशालाही ओरडतं. बिबट्या, रानकुत्री, कधी कोल्हा, कधी नुसतीच शंका. चितळाचा एखाद-दुसरा कॉल आला तर गाडी वळवू नये. वानर झाडावर असतं, त्याला वरून दिसतं, म्हणून ते खोकल्यासारखं ओरडत असेल तर त्याचं तोंड कुठे आहे ते बघायचं. तिकडेच काहीतरी असतं. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, आणि भुंकत सुटलं की थांबत नाही. सांबराचा तो मोठ्ठा "ढांक" मात्र गंभीरपणे घ्यायचा. सांबर सहसा उगाच ओरडत नाही, तेही पाय आपटत एकाच दिशेला बघत असेल तर इंजिन बंद करून बसा. आणि कोतवाल पक्षी दुसऱ्यांच्या हाका हुबेहूब काढतो, त्यामुळे त्याच्यावर कधीच विश्वास ठेवू नये. (इथल्या कोतवालांना उद्देशून नाही.)

---

कोतवाल

उद्देशूनच आहे. पोचलं. :)

---

मी_आपला_वाचक

नेहमी नुसता वाचतो, आज लिहितोय. वर सगळ्यांनी जंगल म्हणजे झाडं आणि जनावरं धरलंय. कान्हाची ती प्रसिद्ध गवताची मैदानं पाहिलीत ना? त्यांतली बरीचशी जुन्या गावांच्या जागा आहेत. गावं उठवली, शेतात गवत आलं, गवतावर बारशिंगे वाढले. १९७० मध्ये तिथे बारशिंगे अवघे ६६ उरले होते, म्हणजे उपयोग झाला हे मान्यच. ताडोब्यातही नवेगावच्या जागी आता गवत आहे आणि तिथे साईटिंग चांगलं होतं म्हणून गाड्या थांबतात. अशा मैदानात मधेच आंब्याची झाडं ओळीने उभी दिसली तर ती आपोआप उगवलेली नसतात. कुणीतरी लावलेली असतात.

कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. माझी आजी अशाच एका गावची. तिला एकदा सफारीच्या गाडीतून तिथे नेलं होतं. गाडीतून उतरायची परवानगी नसते. तिने बोट दाखवून विहीर कुठे होती ते सांगितलं, आणि गाईडने ते वहीत लिहून घेतलं.

---

रानभूल

मी_आपला_वाचक, लिहीत जा हो तुम्ही.

त्या मैदानाच्या कडेने मी निदान पाच वेळा गेले असेन. झाडांकडे असं कधी बघितलं नव्हतं.

आता कबुलीजबाब. परवा निघतेय. आठव्यांदा. मेच्या शेवटी, पावसाच्या जरा आधी, नवरंग येतो. हिरव्या-निळ्या पाठीचा, पोटाखाली लाल, जमिनीवर पाला उलटत हिंडणारा पक्षी. पहाटे आणि सांजेला दोन सुरांची शीळ घालतो. मागच्या वर्षी नुसती शीळ ऐकली, पक्षी दिसला नाही. १ जुलैला गाभा बंद होतो, तेवढ्यात एकदा बघते.

पण खेकडेबुवा, तुमची ती उपाशी जमीन डोक्यातून जात नाहीये. हिवाळ्यात जायचा विचार आहे. फुमदीवर चालायला कुठले जोडे लागतात?

---

भटका_खेकडा

जोडे? फुमदीवर पाय ठेवायचा नाही हो ताई, मांडीपर्यंत आत जाल! टेकडीवर टेहळणीचा मनोरा आहे, उजाडायच्या आत तिथे पोचायचं आणि दुर्बीण लावून बसायचं. धुकं वर उचललं की हरणं गवतातून बाहेर येतात, ऊन चढलं की परत आत. सगळा कारभार तास-दीड तासाचा.

आणि दोन पहाटा तरी हाताशी ठेवा. मला पहिल्या दिवशी नुसतं धुकंच दिसलं होतं.

---

रानभूल

म्हणजे एकाच जागी दोनदा गेलात तर!

---

भटका_खेकडा

ते एकाच मुक्कामात होतं. धरत नाहीत.